माझी पट्टी पांढरी सहा

सोमवार, ४ मार्च

शिलाई खात्यातून निवृत्त होऊन आज सहा महिने झाले. निरोपाच्या दिवशी बरोबरच्या बायकांनी ही वही दिली होती. इतके दिवस कोरीच पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं. टायरच्या दुकानावर गाणी रेकॉर्ड करण्याची एक खोली आहे, तिथे जाऊन तारखा पक्क्या करून आले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस. बारा गाणी, बाराही माझी. शब्द माझे, चाली माझ्या.

आजवर जिथे बोलावलं तिथे गायले. वाचनालयाचा हॉल, इस्पितळाची बाग, पतपेढीचे मेळावे. कंपन्यांना दोनदा गाणी पाठवली. एकीने उत्तर दिलं नाही, दुसरीने दिलं ते न दिलेलं बरं होतं. आता कुणाच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत. आपणच गायचं, आपणच काढायचं, आपणच विकायचं. त्रेसष्टाव्या वर्षी थेरं, असं म्हणणारे म्हणोत.

रेकॉर्डिंगच्या खोलीतली मुलगी माझ्या मुलापेक्षा लहान असेल. तिने विचारलं, "काकू, पट्टी कुठली?" म्हटलं, "पांढरी सहा." तिच्या भुवया वर गेल्या. गाणारीचा एक ठरलेला सूर असतो, तिथून ती गाणं धरते, पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांपैकी तीच तिची पट्टी. वय झालं की ती खाली येते. सगळ्यांची येते. माझी आली नाही. विशीत धरलेली पांढरी सहा आजही तशीच आहे. "गायला आले की ऐकशील," म्हटलं, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे बस डेपोत मेकॅनिक होते आणि पस्तीस वर्षं माझ्या गाण्याला गिटारची साथ करतायत. म्हणाले, "बरं." मग थोड्या वेळाने, "रेकॉर्ड करायलाच हवं का?" घ्या! इतक्या वर्षांत प्रश्न विचारला तो हा.

शनिवार, ९ मार्च

तालमीला बसायचं म्हटलं की ह्यांचं आधी गिटार लावणं. ते बेडरूमचं दार बंद करून. अर्धा अर्धा तास. पूर्वी माझ्यासमोर, गप्पा मारत लावायचे. हल्ली म्हणतात, "तू बोलतेस, मला ऐकू येत नाही." वय ह्यांचंही झालंय, मी काही बोलत नाही.

तारांचा मात्र दर्जा गेला आहे. सैल वाजतात, खालच्या तर नुसत्या घरघरतात. ह्यांनी जाडजूड तारा आणल्या तरी तेच. पूर्वी कशा टणटणीत वाजायच्या! कारखान्यांनी लोकांना फसवायचं ठरवलंय. हे नुसती मान हलवतात.

आवाज मात्र आज मस्त लागला. "दोरीवरचे कपडे"मधला वरचा सूर तर लोण्यात सुरी जावी तसा गेला. वाचनालयाच्या बाईंनी तिथल्या माझ्या सात एप्रिलच्या कार्यक्रमाचा फलक लावलाय, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: वय त्रेसष्ट, पट्टी पांढरी सहा. मीच सांगितलं होतं तसं लिहायला. खोटं थोडंच आहे?

रेकॉर्डवाल्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "काकू, बारा गाणी नुसत्या गिटारवर जड होतील, तिसरं काहीतरी वाद्य बघा." ह्यांना सांगितलं. "दोघंच बरे," म्हणाले. आता हे काय नवीन?

रविवार, १० मार्च

तिसरं वाद्य म्हटलं की धाकटीची आठवण निघणारच. माझी सख्खी बहीण. अकॉर्डियन वाजवायची. मीच शिकवलं होतं तिला, एकेक बोट धरून. बावीस वर्षं आम्ही तिघं एकत्र वाजवत होतो. लोक आम्हाला तिपाई म्हणायचे.

सहा वर्षांपूर्वी पतपेढीच्या मेळाव्यात ती मधेच थांबली, आणि माइक चालू असताना म्हणाली, "ताई, तू खाली गातेयस." भरल्या सभेत! मी तिथल्या तिथे म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. तुझं वाद्य फुटलंय, नाहीतर कान." लोक हसले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "वाद्य बिघडलं असेल." झालं. ती पुन्हा आली नाही. मीही बोलावलं नाही. जो विचारेल त्याला खरं ते सांगितलं: धाकटीचा कान गेला, काय करणार.

तिचं इस्त्रीचं दुकान आहे, बाजाराच्या मागे. मी त्या रस्त्याने जात नाही.

मंगळवार, १२ मार्च

वादक मिळाला! कोपऱ्यावरचा न्हावी. ह्यांचे केस तोच कापतो. गिऱ्हाईक नसलं की माउथ ऑर्गन वाजवत बसतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. आज भाजी आणताना ऐकलं आणि पिशवीसकट आत शिरले. त्याच्याकडचा जुना होता, दुसऱ्याच पट्टीचा. माउथ ऑर्गन एकाच पट्टीचा असतो, बदलायची सोय नाही. मी लगेच वाद्यांच्या दुकानात जाऊन पांढरी सहाचा नवा आणून त्याच्या हातात ठेवला.

ह्यांचा चेहरा उतरला. मला वाटतं, मनातून मत्सर आहे. इतक्या वर्षांनी शेजारी दुसरा वादक बसणार म्हटलं की कुणालाही होईल.

रविवार, १७ मार्च

न्हावी आला, इस्त्रीचा शर्ट घालून, केस भिजवून. ह्यांनी नेहमीप्रमाणे दार लावून गिटार लावली, आज तर पाऊण तास. मी सूर घेतला, त्याने वाजवायला सुरुवात केली, आणि देवा! दोन मांजरं एका पोत्यात. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. म्हटलं, "लोकांचे केस कापता कापता स्वतःचे कान कापलेत की काय?"

तो म्हणाला, "बाई, सकाळी एकाच्या पेटीवर लावून बघितला होता मी. पांढरी सहाच आहे." मग त्याने ह्यांच्या गिटारकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे. हे फरशीकडे बघत होते. एकदा म्हणाले, "तारा जुन्या आहेत, माझंच..." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, कुणाचीही बाजू घेऊ नका." न्हाव्याने माउथ ऑर्गन रुमालाने पुसून टेबलावर ठेवला. "माझंच चुकलं असेल, बाई," म्हणाला. चहाही न घेता गेला.

हे त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले ते चांगले वीस मिनिटांनी आले. एवढं काय बोलायचं असतं त्याच्याशी?

उद्या दुकान बंद. परवा तो माउथ ऑर्गन दुकानदाराच्या डोक्यात घालणार आहे.

मंगळवार, १९ मार्च

दुकानात गेले. माउथ ऑर्गन काउंटरवर आपटला. "खोटा माल देता?"

दुकानदार शांत माणूस. त्याने कीबोर्डवर पांढरी सहा दाबली, मला म्हणाला, फुंका. तंतोतंत एकच सूर. म्हटलं, तुमचा कीबोर्ड चुकीचा. तो आतून पेटी घेऊन आला. तोच सूर. म्हटलं, पेटी जुनी असेल. मग त्याने मोबाइल काढला, त्यात सूर ओळखायची सोय असते. त्यानेही तेच सांगितलं. मी म्हटलं, मोबाइलला काय कळतंय गाण्यातलं?

तो हसला नाही. म्हणाला, "बाई, तिन्ही खोटे आणि तुम्ही एकट्या खऱ्या असाल, तर मी आजच शटर ओढतो. तुम्ही गा ना जरा. घरी गाता तसं."

गायले. "दोरीवरचे कपडे, वाऱ्याने कुणाचे कळेनात." त्याने माझ्या आवाजाखाली बोट सरकवत नेलं. पांढरी सहा नाही. काळी चार नाही. पांढरी पाच नाही. काळी तीनवर बोट थांबलं आणि गाणं त्यावर बसलं, झाकण बसावं तसं.

मग त्याने पुन्हा पांढरी सहा धरून ठेवली. तिथून गायला गेले. पहिली ओळ ओढून ताणून झाली. वरचा सूर आलाच नाही. घशातून नुसती हवा आली. दोन कॉलेजच्या मुली तारा घ्यायला आल्या होत्या. त्या आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या.

तीन पट्ट्या. मी तीन पट्ट्या खाली आहे आणि मला माहीत नाही.

घरी चालत आले. वाटेत एकच विचार. मी सूर घेते तो गिटारवरून. गिटार लावतं कोण?

बुधवार, २० मार्च

बोलले नाही. जेवण वाढलं आणि बोलले नाही. ह्यांनीही विचारलं नाही, म्हणजे ह्यांना कळलंय.

गुरुवार, २१ मार्च

दुपारी हे वाटाणे सोलत बसले होते. गिटार समोर आणून ठेवली. म्हटलं, "लावा. माझ्यासमोर."

हात पुसले आणि लावली. तारा ढिल्या करताना मी पहिल्यांदा बघितलं. डेपोत नट फिरवायचे तसंच, हलक्या हाताने. एवढासाही आवाज न होता.

"ही कुठली पट्टी?"

"काळी तीन."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी दिवाणखान्याला रंग दिला ना, तेव्हापासून. त्याआधी पांढरी पाच होती. त्याआधी..." थांबले. "त्याआधी सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा उतरवली. मेळाव्यानंतर."

मी म्हटलं, "मला सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला?"

मग हा माणूस बोलला. पस्तीस वर्षांत एका दमात एवढं बोलल्याचं मला आठवत नाही. "अगं, चढावर गाडी धापा टाकायला लागली की गिअर उतरवतात. कुठला ड्रायव्हर प्रवाशांना उठून सांगत बसतो? मेळाव्यानंतर तू आठ दिवस गायली नव्हतीस. आठवतंय का? भांडीसुद्धा आवाज न करता घासत होतीस. नवव्या दिवशी मी तार जरा सैल केली आणि तुला म्हटलं, गा. तू गायलीस. सगळं घर भरलं. मग मला जमेना सांगायला."

मी म्हटलं, "मी प्रवासी नव्हते. गाडी माझी होती."

वाटाणे तसेच राहिले.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली ते लिहूनच ठेवते. त्यांनी फसवलं ह्याची नाही. फलकाची. "पांढरी सहा" अशी जाहिरात करत हिंडणारी मी, आणि मागे हा माणूस मुकाट्याने एकेक पट्टी खाली करतोय. लोकांत ज्यांना कान होता त्यांना कळत असणार. त्या न्हाव्याला एका मिनिटात कळलं. तो ह्यांच्याकडे बघून गप्प बसला, आणि मी त्याचे कान काढले.

आणि धाकटीचे. सहा वर्षं.

रात्री ह्यांना विचारलं, "धाकटीला माहीत होतं?" म्हणाले, "ते तू तिलाच विचार."

रविवार, २४ मार्च

गेले. बाजाराच्या मागच्या रस्त्याने. दुकानाची पाटी बदललीय. आत वाफ, ओल्या कापडाचा वास, आणि ती. केस पांढरे झालेत. रंगवत नाही. माझी लहान बहीण माझ्याआधी म्हातारी दिसायला लागली, आणि मला पत्ता नाही.

"ये," म्हणाली. इस्त्री थांबवली नाही. शर्टाची कॉलर चालली होती.

मी वाटेत वाक्यं पाठ केली होती. एकही आठवलं नाही. म्हटलं, "मी काळी तीनमध्ये गाते."

"हो," म्हणाली. "आधी काळी चार होतं. मग पांढरी पाच."

"तुला कसं माहीत?"

"भावोजी आले होते. मेळाव्याच्या दुसऱ्या आठवड्यात, इथेच. म्हणाले, ही गाणं सोडतेय, काय करू? मी म्हटलं, गिटार खाली लावा, तिला कळणार नाही. तुमची बोटं तिथल्या तिथेच राहतात. ते म्हणाले, आणि तू?" तिने शर्ट उलटा केला. "माझी बोटं दिसतात ना ताई. तूच बसवलीस ती. पांढरी सहा सोडून मी काळ्या पट्टीवर गेले असते तर पहिल्याच ओळीत तू माझ्या हातावर चापट मारली असतीस. मग मीच म्हटलं, मी बाजूला होते."

मला बसायला जागा नव्हती. कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसले. म्हटलं, "मी तर समजत होते की तू रुसून गेलीस."

"तसंच समजायला हवं होतं तू. त्याचं मला काही वाटलं नाही." इस्त्री उभी केली. आता मात्र तिने माझ्याकडे पाहिलं. "पण तू सांगत सुटलीस, ताई. धाकटीचा कान गेला. माझ्या गिऱ्हाइकांना सांगितलंस. माझ्या सुनेला सांगितलंस. दोन ठिकाणांहून मला वाजवायला बोलावणं येणार होतं, ते आलं नाही. एकदा रागाने तुझ्या दारापर्यंत आले, की आता सगळं सांगूनच टाकते. आत तू गात होतीस. जिन्यात उभी राहून पूर्ण गाणं ऐकलं. चांगलं गात होतीस. तुझा आवाज खालीच जास्त चांगला आहे, अगदी पहिल्यापासून. मी कडी न वाजवता परत गेले."

मी रडले. तीही रडेल असं वाटलं होतं. ती नाही रडली. गिऱ्हाईक आलं, तिने त्याचे कपडे मोजून दिले.

म्हटलं, "सात तारखेला ये. वाजव. रेकॉर्डिंगलाही ये."

"कशाला? तुझ्या बहिणीचा कान गेलाय," म्हणाली. "लोकांना माहीत आहे ते."

शनिवार, ३० मार्च

न्हाव्याच्या दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोरच म्हटलं, "माउथ ऑर्गन बरोबर होता, तुम्हीही बरोबर होतात. माझा घसा चुकीचा होता." तो इतका गोंधळला की एकाच्या मानेला साबण लावायचा तो कानाला लावला. काळी तीनचा मागवावा लागेल, पण मिळेल म्हणाला. निघताना त्याने हळूच विचारलं, "साहेबांना रागावला नाहीत ना? ते फार घाबरले होते त्या दिवशी."

घाबरले होते. ह्याला दिसलं. मला मत्सर दिसला.

आठवडाभर आम्ही उघड्या दाराने तालीम करतोय. पट्टी माहीत असून गायचं म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. पहिले दोन दिवस प्रत्येक सूर लंगडा वाटला. काल "कुलपाला किल्ली"मधली खालची ओळ गाताना छातीत काहीतरी हललं, गुणगुणल्यासारखं. ही ओळ मी विशीत लिहिली तेव्हा तिथपर्यंत पोचायचेच नाही, नुसती कुजबुजायचे. आता ती ओळ माझी आहे. म्हातारपणाने काही घेतलं हे सगळे सांगतात. देतं तेव्हा कुणी दवंडी पिटत नाही.

ह्यांच्याशी पूर्ण समेट झालाय असं नाही. राग येतो, मग गिटारवर वाकलेली त्यांची मान दिसते आणि जातो, मग परत येतो. परवा म्हटलं, "पुन्हा मला न सांगता एक तार जरी हलवलीत तर बघा." म्हणाले, "आता तूच सांग केव्हा हलवायची ते." सांगेन. सांगावं लागणारच आहे कधीतरी.

वाचनालयाच्या बाईंना फोन करून फलक काढायला सांगितला. त्या म्हणाल्या, "अहो, पण सगळ्यांनी वाचलाय." म्हणजे नुसता काढून भागणार नाही.

रविवार, ७ एप्रिल

कार्यक्रम झाला. आत्ताच आलो. हे आत झोपलेत, मी स्वयंपाकघरात लिहितेय.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. शिलाई खात्यातल्या बायका आल्या होत्या, पतपेढीतले लोक होते, म्हणजे त्या मेळाव्याला होते तेच. न्हावी नव्या माउथ ऑर्गनसह बाजूला. हे दुसऱ्या बाजूला. मी खुर्च्यांमधून एकदा नजर फिरवली. मागच्या रांगांवर दिवे नव्हते, काही दिसेना.

गाण्याआधी बोलायचं ठरवलं होतं. हे म्हणाले होते, "दोन गाणी झाल्यावर बोल, घसा मोकळा होईल." म्हटलं, नको, घसा मोकळा झाला की मी वेगळंच काहीतरी बोलेन.

माइक बाजूला सारला. का, ते मलाच माहीत नाही. तसंच सांगावंसं वाटलं. म्हटलं, "फलकावर पांढरी सहा लिहिलं होतं, ते खरं नाही. माझी पट्टी काळी तीन आहे. उतरून बरीच वर्षं झाली. पतपेढीच्या मेळाव्यात माझी बहीण मला म्हणाली होती, तू खाली गातेयस. तिचं बरोबर होतं. तिचा कान गेला असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं. तिच्या कानाला काही झालेलं नव्हतं. मी खोटं बोलत होते, आणि मला ते माहीतसुद्धा नव्हतं."

कुणी हललं नाही. हॉलमध्ये अशी शांतता मी गाऊनही कधी आणली नव्हती.

आणि मागच्या रांगेतून, अंधारातून, खणखणीत आवाज आला:

"मागे ऐकू येत नाहीये!"

ऐकू येत नाही म्हणे! जिला जिन्यात उभं राहून, बंद दाराआडून पट्टी कळते, तिला!

हे खाली मान घालून हसायला लागले. मी माइक ओढून तोंडाशी घेतला, आणि पहिल्यापासून सगळं परत सांगितलं.